जुना नांगर घेताना रंग नको, लोखंड बघा



मागच्या वर्षी आपल्या एका गटाने अवजार बँकेसाठी ट्रॅक्टरचा जुना दोन फाळी नांगर घेतला. नवा निळा रंग, एकदम चकाचक. मी सोबत होते आणि मीच म्हटलं, "छान आहे, घेऊन टाका." दुसऱ्याच दिवशी शेतात चौकट तुटली. रंगाखाली जुनी भेग होती, तीत लांबी भरलेली. वेल्डिंगचे पैसे गटाच्या बचतीतून गेले आणि वर ऐकावं लागलं, "बायांना लोखंडातलं काय कळतं?"

चूक माझी होती. समाजकार्याच्या पदवीत नांगर शिकवत नाहीत. मग मी लोहाराकडे आणि गॅरेजात बसून शिकले. तेच आज सांगते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोक म्हणायचे, लोखंडाने जमीन नासते. पण त्यांनी काम सोडलं नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचला. आपल्याबद्दलचा समजही कामानेच जाईल.

आधी भाग ओळखा
जमीन कापतो तो फाळ. त्यामागचं वळलेलं पान माती उलटवतं. बाजूची पट्टी तासाच्या भिंतीला टेकते आणि नांगर सरळ ठेवते. हे सगळं चौकटीला बोल्टने कसलेलं असतं. फाळ, पट्टी, बोल्ट झिजले तर बदलता येतात. चौकट वाकली किंवा चिरली, तर सौदा सोडा.

घेण्यापूर्वी चार तपासण्या
१. चौकटीचे सगळे जोड चिंधीने पुसून उन्हात बघा. एखाद्याच जागी रंग जाड दिसला तर तिथे खरवडा.
२. नांगर सपाट ओट्यावर ठेवा, चौकट सरळ धरा. दोन्ही फाळांची टोकं एकाच वेळी टेकली पाहिजेत. एक अधांतरी राहिलं तर काहीतरी वाकलेलं आहे.
३. ट्रॅक्टरला जोडायच्या पिना हलवून बघा. भोकं लांबट झाली असतील तर नांगर डुलतो.
४. त्या मापाचा फाळ जवळच्या बाजारात मिळतो का, ते आधी विचारा. फाळ मिळत नसेल तर नांगर स्वस्तातही घेऊ नका.

वापरताना
फाळ बोथट झाला की ट्रॅक्टर जास्त जोर लावतो, डिझेल जास्त जळतं आणि नांगर वर वर चालतो. अशा वेळी वजन पडावं म्हणून नांगरावर माणूस बसवतात. तसं कधीच करू नका, जीव जातो. फाळ बदला, नाहीतर चालकाला टॉप लिंक थोडी आखूड करायला सांगा. टोक खाली झुकतं आणि नांगर जमिनीत शिरतो.

फाळाला नांगराचेच चपट्या डोक्याचे बोल्ट लावा. साध्या बोल्टचं डोकं वर राहतं, त्याला माती अडकते आणि ते लवकर झिजतं. पहिल्या तासाभराच्या नांगरटीनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा. वळताना नांगर आधी उचलायचा, मग ट्रॅक्टर वळवायचा. उचललेल्या नांगराखाली हात घालू नका. खाली लाकडी ठोकळे लावा, ट्रॅक्टर बंद करा, चावी आपल्याकडे ठेवा. पलटी नांगराच्या पाइपातून तेल गळतंय का ते बोटाने नाही, पुठ्ठा धरून बघा. दाबाचं तेल कातडीत घुसतं.

शहादा-तळोद्याच्या काळ्या मातीत हा नांगर चांगला चालतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या चढावर, दगडात तो नेऊ नका. तिथे बैलांचा नांगरच बरा, तोही उताराला आडवा.

काम संपल्यावर
माती धुवा, वाळवा. फाळाला आणि पानाला जुनं इंजिन ऑइल फासा. पान गंजलं की पुढच्या वर्षी माती चिकटते. नांगर ओल्या जमिनीवर नाही, लाकडावर ठेवा, शेडमध्ये.

पुढच्या बैठकीत
नांगराची वेगळी वही उघडा. कोणाच्या शेतात गेला, किती तास चालला, भाडं किती आलं, कोणता बोल्ट बदलला, सगळं लिहा. भाड्यातला थोडा भाग फाळासाठी बाजूला काढायचा ठराव करा. होळी झाली की नांगरटीची घाई सुरू होते, म्हणून तपासणी त्याआधीच उरका.

आमच्या त्या गटाची चौकट जोडून झाली. आता भाड्याने देण्याआधी पाना घेऊन बोल्ट कसते ती गटाची सचिव ताई. आणि तो जुना प्रश्न? तिला आता कोणी विचारत नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक