उंबरठ्याच्या आतील हक्क

महाडचे चवदार तळे म्हटले की २० मार्च १९२७ हा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. सार्वजनिक पाणी सर्वांना खुले असले पाहिजे, हा हक्क आपल्या वाडवडिलांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या दिवशी बजावला. त्याच हक्काची दुसरी बाजू आम्ही येथे विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. माणसाचे घर, त्याचे पत्र व त्याचे खाजगी बोलणे त्याचे स्वतःचे असते. तेथे दुसऱ्याने चोरून डोकावता कामा नये, ही ती बाजू होय.

जुन्या गावगाड्यात या दोन्ही गोष्टी आपल्याला नाकारलेल्या होत्या. पाणवठा आपल्याला बंद, आणि आपले दार मात्र गावकीला सदैव उघडे! महार वतनापायी रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी उठून जावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ही वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने.

घटनेतील मागणी

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. नागरिकाची व्यक्ती, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, असे कलम त्यात होते. मूलभूत हक्कांत मात्र ते आले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करिमुद्दीन यांनी घटना समितीत याच आशयाची दुरुस्ती सुचविली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. तरीही मतदानात ती फेटाळली गेली.

न्यायालयांचे निर्णय

१८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडविण्याचा अधिकार दिला होता. त्यावर नीट बंधने घातली गेली ती १८ डिसेंबर १९९६ रोजी. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की टेलिफोनवरील बोलणे हा खाजगी जीवनाचा भाग आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क ठरविला. १९४८ साली हुकलेली गोष्ट अशी ६९ वर्षांनी पदरात पडली.

या निर्णयाचा उपयोगही झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाचे फोन चोरून ऐकण्याच्या तीन आज्ञा रद्द केल्या व झालेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नसताना सरकारलाही कान लावता येत नाही, हा त्याचा अर्थ.

आजचा कायदा

१. दूरसंचार कायदा, २०२३ व त्याखालील २०२४ चे नियम : तातडीचा अपवाद सोडल्यास फोन ऐकण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाची आज्ञा लागते. एक आज्ञा ६० दिवस चालते. एकूण मुदत १८० दिवसांपलीकडे जात नाही. अनधिकृतपणे संदेश अडविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२. भारतीय न्याय संहिता, कलम ७७ : स्त्रीला तिच्या खाजगी क्षणी चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे वा ते पसरविणे यास पहिल्या गुन्ह्यात एक ते तीन वर्षे कैद आहे.

३. कलम ७८ : स्त्रीचा पाठलाग करणे, तसेच तिच्या ई-मेल व इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हाही गुन्हा आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. दोघांचे बोलणे तिसऱ्याने चोरून ऐकणे वेगळे, आणि आपल्याकडे लाच मागणाऱ्याचे बोलणे आपणच नोंदवून ठेवणे वेगळे. मुंबईच्या कॉरोनरच्या लाच प्रकरणात फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरच्या संमतीने झालेले ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केले होते. आपल्यावर अन्याय करणाऱ्याविरुद्ध हे साधन उपयोगी आहे.

आपण काय करावे?

महाड-पोलादपूरच्या घरोघरी कोणी ना कोणी मुंबईला असते. मुलगी नोकरीसाठी वा शिक्षणासाठी तिकडे राहते. खोलीत, वसतिगृहात असा प्रकार घडला, तर गुन्हा कोठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. पोलादपूरलाही देता येते. स्त्रियांना व अनुसूचित जातींना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतील बौद्धांनाही तो हक्क आहे. अशा वेळी मुलीलाच दोष देऊन तिचे शिक्षण बंद करू नये. गुन्हा चोरून पाहणाऱ्याचा आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहू. सुनेचा फोन तिच्या नकळत तपासणे, शेजाऱ्याचे भांडण मोबाईलवर टिपून गावभर पाठविणे, हे प्रकार आपल्या वस्तीतही घडतात. पंचशीलातील दुसरे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो : न दिलेली वस्तू घेणार नाही. दुसऱ्याचे न सांगितलेले बोलणे ही देखील न दिलेली वस्तूच होय, असे आम्हांस वाटते. जो हक्क आपण सरकारकडे मागतो, तो आपल्या घरातील मुलीबाळींनाही दिला पाहिजे.

जय भीम!