एकपानी छाटली तर मरते का?

प्रश्न : परसातली एकपानी वाफ्याबाहेर पसरून मिरचीच्या रोपांत शिरली आहे. धावते वेल कापले तर मूळ रोप मरेल, असं सासूबाई म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, जोयडा, जि. उत्तर कन्नड

उत्तर : ताई, निर्धास्त कापा. एकपानी, म्हणजेच मंडूकपर्णी, बहुवर्षायू आहे. तिच्या धावत्या वेलाला प्रत्येक पेरापाशी स्वतंत्र मुळं फुटतात. त्यामुळे वेल कापला तरी दोन्हीकडची मुळं धरलेली रोपं जगतात.

वेल ओढू नका, मुळं दुखावतात, कात्रीनं कापा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका. पावसाळ्यात दाटी विरळ करा, नाहीतर खालची पानं कुजतात. कडक उन्हाळ्यात मोठी छाटणी टाळा. वाफ्याच्या कडेला कौलं उभी पुरा आणि त्यावरून आलेले वेल वेळोवेळी कापा. मुळांसकट दोन-तीन पेरं ओलसर, अर्धसावलीच्या कुंडीत लावली की नवं रोप तयार.

कापलेल्या पानांची तंबळी (ताकातलं थंड सार) करा. मात्र गटाराकाठची पानं घेऊ नका, घरचीही नीट धुवा. औषध म्हणून रोज घ्यायची असेल, विशेषतः गरोदरपणात किंवा यकृताचा त्रास असल्यास, आधी डॉक्टरांना विचारा.