पोटाचे दुखणे, मनाचे दुखणे



भीती वाटली की पोटात गोळा येतो. म्हणजे मनाचे पोटाला कळते. पण पोटाचेही मनाला कळते, असे संशोधनातून दिसू लागले आहे.

आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात. चोथायुक्त अन्न हे त्यांचे खाद्य. आतडी आणि मेंदू यांमध्ये व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून निरोपांची ये-जा चालते. बेल्जियममध्ये १,०५४ लोकांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असणाऱ्यांच्या आतड्यांत दोन प्रकारचे जिवाणू कमी आढळले. मात्र कारण कोणते नि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही.

आपली कित्येक मुले नोकरीपायी विरारच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत राहतात. पहाटेची लोकल, दुपारी वडापाव, जेवायला रात्रीचे दहा. असा मुलगा फोनवर म्हणाला, "पोट साफ नाही, झोप नाही, कशात मन लागत नाही," तर "चूर्ण घे" म्हणून मोकळे होऊ नका. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक वेळेवर घ्यायला सांगा. पण ताक म्हणजे नैराश्याचे औषध नव्हे. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

ऊस पिवळा पडला की आपण मूळ उकरून हुमणी बघतो. माणूस कोमेजला तर निदान विचारपूस तरी करावी.