फिरत्या दुकानासाठी जुनी गाडी घेताना

शहरात गाळ्याची अनामत आणि भाडे यांचे आकडे ऐकले की थोड्या भांडवलाचा माणूस दुकानाचा विचारच सोडून देतो. त्यापेक्षा गाडीवर दुकान थाटावे, असे अनेकांना वाटते आणि ते चुकीचेही नाही. बिर्याणी-कबाबची गाडी, चहा-नाश्त्याची गाडी, आठवडी बाजार करणारी कापडाची किंवा चपलांची गाडी, वेल्डिंग आणि फ्रीज दुरुस्तीची अवजारे घेऊन फिरणारी गाडी, असे अनेक व्यवसाय आज चाकांवर चालतात. नवी गाडी घेऊन तिच्यावर बॉडी बांधायची तर खर्च झेपत नाही. म्हणून तयार बॉडी असलेली जुनी गाडी शोधली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असा व्यवहार करताना आपण एक नव्हे, तीन वस्तू विकत घेत असतो: गाडीचे कागद, खालची गाडी आणि वरची बॉडी. तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्यात. विकणारा रंगवलेली बॉडी आधी दाखवतो. घेणाऱ्याने मात्र कागदांपासून सुरुवात करावी, कारण कागद पाहायला पैसे लागत नाहीत.

कागदपत्रे

आर.सी. पुस्तकावरील चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवावेत. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तेथूनच परत फिरावे. आर.सी.वर बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या बोजाची नोंद असेल, तर नुसते 'कर्ज फिटले आहे' हे शब्द पुरेसे नाहीत. कर्ज देणाऱ्याचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा, व नोंद आर.टी.ओ.कडून उतरलेली हवी. गाडीवर थकलेले ई-चलान व कर आहेत काय, हेही परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहावे.

व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. गाडीचे वय वाढते तशी फिटनेसची फीसुद्धा वाढते. म्हणून फिटनेस किती महिने शिल्लक आहे, हे पाहूनच किंमत बोलावी. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यापुढच्या गाडीचे परमिट तपासावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आर.सी.वरील बॉडीचा प्रकार. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल आर.टी.ओ.च्या मंजुरीशिवाय गाडीत करता येत नाही. कागदावर उघडा हौदा आणि प्रत्यक्षात बंद उपाहारगृह अशी स्थिती असेल, तर फिटनेसच्या वेळी गाडी अडकेल आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळेल.

खालची गाडी

गाडी पाहायला शक्यतो सकाळी आणि न कळवता जावे. इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, मगच चालू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर दुरुस्ती मोठी आहे.

नंतर आपला विश्वासू मिस्त्री घेऊन गाडीखाली जावे. चॅसिसला नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो का मारला, हे विचारावे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरून पाहिले की रंगाखालचा गंज कळतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारी हवा आणि लांब पावसाळा यांमुळे पत्रा लवकर जातो. मासळी वाहिलेली गाडी तर अधिकच. पाटे, बेअरिंग आणि ब्रेक तपासावेत. टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून समाधान मानू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला आहे. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच तडकतात.

वरची बॉडी

बॉडीचा शत्रू पाणी. छतावर पाण्याचा पाइप दहा-पंधरा मिनिटे सोडून आतले कोपरे, खिडक्यांच्या कडा आणि छताचे सांधे हाताने चाचपावेत. जमिनीवरची मॅट उचलायला लावून खालचे प्लायवूड पायाने दाबावे. ते दबले तर आत कुजले आहे. लोखंडी पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. जेथे तो चिकटत नाही, तेथे पुट्टीखाली काहीतरी झाकलेले आहे.

खाद्यपदार्थांची गाडी असेल तर गॅस आणि वायरिंग स्वतंत्रपणे पाहावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून बॉडीला खालच्या बाजूस झरोके हवेतच. रबरी नळी जुनी असेल तर ती बदलण्याचा खर्च धरावा. उघडे सांधे असलेली वायर आणि सिलिंडर एकाच कप्प्यात असतील, तर ती बॉडी आहे तशी वापरू नये.

वजनाचा हिशेबही करावा. समजा, गाडीची भारक्षमता 750 किलो आहे. बॉडी आणि ओटा 450 किलो, 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, व्यापारी गॅसचे दोन भरलेले सिलिंडर सुमारे 70 किलो. येथेच 720 झाले. माल, भांडी आणि मदतनीस अजून बाकी आहेत. अशी गाडी रोज पाटे आणि ब्रेक खाणार. सौदा ठरवण्यापूर्वी गाडी भुईकाट्यावर नेऊन रिकामे वजन करून घ्यावे आणि आर.सी.वरील आकड्याशी ताडून पाहावे.

जी वस्तू विकताच येत नाही

पुष्कळदा विकणारा म्हणतो, 'गाडीबरोबर जागाही देतो, धंदा जमलेला आहे,' आणि त्यासाठी लाखभर रुपये जास्त मागतो. या ठिकाणी अनेकांची आयुष्यभराची कमाई अडकते. पथविक्रेता कायदा, 2014 नुसार विक्रीचे प्रमाणपत्र विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पालिकेने उद्या गाडी हटवली तर तुमच्या हातात दाद मागण्यासारखा कागद नसेल. खाद्यव्यवसायाची नोंदणीही व्यवसाय करणाऱ्याच्या नावे असते. ती आपल्या नावाने नव्याने करावी लागते. म्हणून पैसे गाडीचे द्यावेत, जागेचे देऊ नयेत.

किंमत आणि व्यवहार

दोन गाड्यांची तुलना मागितलेल्या किमतीवर करू नये. समजा, एक गाडी दोन लाख चाळीस हजारांना आहे. पण टायर, पाटे, जमिनीचे प्लायवूड, फिटनेस आणि गॅरेजमध्ये बुडालेले पंधरा दिवस मिळून नव्वद हजार होतात. शेजारची तीन लाखांची गाडी दुसऱ्या दिवशी धंद्याला लागते. मग स्वस्त कोणती?

विसार देताना गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम आणि नाव बदलण्याची मुदत कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि काही भाग नाव बदलेपर्यंत राखून ठेवावा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन अर्ज लगेच दाखल करावा. 'नाव नंतर करू' हे वाक्य ऐकूच नये. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई आपल्याला मिळणे कठीण होते.

चालवण्याच्या परवान्याबाबत एक दिलासा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये निकाल दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक 7500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. अनेक चांगले धंदे जुन्या गाडीवरच उभे राहिले. मात्र घाई करू नये. गाडी एकदा नव्हे, दोनदा पाहावी. दुसऱ्यांदा मिस्त्रीला घेऊन पाहावी. तपासणी करू द्यायला जो विक्रेता नाखूश असतो, त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे. मिस्त्रीला दिलेले पाचशे रुपये हा या व्यवहारातील सर्वांत फायद्याचा खर्च समजावा.