अनुबोधपटाचे पहिले धडे

हल्लीं आलापल्लींत बहुतेक घरीं मोबाईल आहे व त्यांत चलच्चित्र घेण्याची सोय आहे. त्यामुळें चित्रण करणें ही कांहीं मोठी विद्या आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु बोट दाबून यंत्र सुरू करणें निराळें, आणि घडलेली गोष्ट दुसऱ्यास यथार्थ दाखविणें निराळें. कल्पित कथानक व नटनटी ह्यांवांचून खऱ्या माणसांचें व खऱ्या घडामोडींचें दर्शन घडविणाऱ्या चित्रपटास अनुबोधपट म्हणतात. तसा एक लहानसा पट आमच्या वर्गानें गेल्या उन्हाळ्यांत करून पाहिला. त्यांत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें येथें सांगतों.

आपल्याकडील चित्रपटाचे अगदीं पहिले प्रयत्न ह्याच जातीचे होते. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनीं विलायतेहून यंत्र मागवून १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती टिपली. ती फीत धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली! १९०१ सालीं, केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे ह्यांच्या आगमनाचेंही त्यांनीं चित्रण केलें. पुढें दादासाहेब फाळके ह्यांनीं, १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं, कुंडींत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा रोंवला, आणि ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत अंकुराचा वेल कसा होतो तें दाखविलें. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेला हा नमुना होता. विद्यार्थ्यांनो, ह्यांतलें गणित करून पाहा. पडद्यावर सेकंदास २४ चित्रें धरलीं आणि दर अर्ध्या तासानें एक चित्र घेतलें, तर दिवसाचीं ४८ व तीस दिवसांचीं १,४४० चित्रें होतात. म्हणजे महिनाभर राबून पदरांत पडतें तें बरोबर एक मिनिट.

आम्ही विषय घेतला मोहफुलें वेंचण्याचा. चैत्राच्या सुमारास हीं फुलें रात्रीं व पहाटे गळतात, आणि उजाडण्यापूर्वींच बायका टोपल्या घेऊन झाडांखालीं जातात. आरंभीं आम्ही कागदावर एकच प्रश्न लिहिला : झाडाखालचें फूल अंगणांत वाळत पडेपर्यंत त्याचें काय काय होतें? हा कागद खिशांत नसता तर मुलांनीं वाटेवरचीं माकडेंच टिपलीं असतीं. वेंचणाऱ्या एका आजीची परवानगी आधल्या दिवशींच घेतली. विचारल्यावांचून कोणावर यंत्र रोखूं नये, हा धडा मी इतर सर्व धड्यांच्या आधीं देतों. न विचारतां छायाचित्रें घेऊन जाणारे प्रवासी आमच्या भागानें पुष्कळ पाहिले आहेत.

प्रत्येक दृश्य तीन अंतरांवरून घ्यावें. सबंध झाड दिसेल असें दुरून, माणूस कमरेपासून वर दिसेल असें मध्यम अंतरावरून, आणि नुसते हात, फुलें, टोपली असें जवळून. तिपाई नसेल तर यंत्र दगडावर किंवा बुंध्याशीं टेकवावें, आणि मनांत दहा आंकडे मोजीपर्यंत हलवूं नये. मुलांस हेंच सर्वांत कठीण जातें. आमचा एक विद्यार्थी तर पांखराच्या मागें यंत्र असें फिरवी कीं, पाहणाऱ्यास घेरी यावी. सूर्य माणसाच्या पाठीमागें असला तर चेहरा काळा पडतो, म्हणून आपली जागा बदलावी. शेवटीं कोणीही न बोलतां एक मिनिट रानाचा नुसता आवाज भरून घ्यावा. जोडकामांत दोन तुकड्यांमधली पोकळी तो भरून काढतो.

दोन सकाळींत सुमारें दीड तासाचें चित्रण जमलें. त्यांतून निवड करणें, कांटछाट करणें व क्रम लावणें ह्यास संकलन म्हणतात. आधीं सर्व तुकडे पाहून वहींत प्रत्येकाचा क्रमांक, स्थळ व वेळ लिहावी. हें काम कंटाळवाणें म्हणून आम्ही टाळलें, आणि त्याचें फळ मिळालें.

मुलांनीं चार मिनिटांचा पट जोडला. त्यांत जळालेल्या पाल्याची काळी राख, लगेच आजीचा चेहरा, मग वेंचणारे हात असा क्रम होता. फूल दिसावें म्हणून कोठें कोठें झाडाखालचा पाला जाळतात. त्यांतून वणवे लागतात, आणि राखीव वनांत आग लावणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. जोड मोठा परिणामकारक वाटला. मींही शाबासकी दिली. शाळेंत दाखविण्याआधीं तो आजीस दाखविला. ती कांहीं वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मीच रान जाळलो का जी, गुरुजी?”

राखेचा तुकडा दुसऱ्या दिवशींचा, बऱ्याच अंतरावरील दुसऱ्याच झाडाखालचा होता. ती आग कोणी लावली हें आमच्यापैकीं कोणीं पाहिलें नव्हतें, कोणीं विचारलेंही नव्हतें. आजी पाला खराट्यानें झाडते. दोन्ही तुकडे खरेच. पण ते शेजारीं ठेवतांच जो आरोप एकाही तुकड्यांत नव्हता तो त्यांच्या सांध्यांतून उत्पन्न झाला. एकाच नटाचा तोच चेहरा निरनिराळ्या दृश्यांशेजारीं जोडला म्हणजे प्रेक्षकांस त्यावर निरनिराळे भाव दिसूं लागतात, हें रशियांतील दिग्दर्शक कुलेशोव्ह ह्यांनीं १९२० च्या सुमारास दाखविलें होतें. मला तें पुस्तकांतून ठाऊक होतें, आणि तरीही माझ्या डोळ्यांदेखत तेंच घडलें.

पट पुन्हां उसवला. खराट्यानें झाडण्याचें दृश्य आमच्याजवळ नव्हतें. “आतां झाडून दाखवतो,” असें आजी म्हणाली; पण वेळ दुपारची, झाडाखालीं फूल एकही नाहीं. खोटें झाडणें टिपण्यापेक्षां दुसऱ्या दिवशीं पहाटे यावें असें मुलांनींच ठरविलें. हंगाम संपत आला होता, तरी थोडीं फुलें मिळालीं. राखेचें दृश्य ठेवावें कीं काढावें ह्यावर वर्गांत पुरे दोन तास वाद झाला. वणव्याचा प्रश्न झांकून ठेवणेंही बरें नव्हे. शेवटीं तें अगदीं अखेरीस, वेगळें ठेविलें, आणि हें दुसऱ्या झाडाखालचें आहे, आग कोणी लावली हें आम्हांस ठाऊक नाहीं, असें एका मुलीच्या आवाजांत सांगितलें.

नवा पट पावणेपांच मिनिटांचा झाला. आजीनें तो दोनदां पाहिला, आणि फुलें पडल्याचा टपटप आवाज आला तेव्हां नातीला हांक मारून जवळ बसविलें.