आधी नंबर शोध, मग ट्रॅक्टर

दादांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा ट्रॅक्टर परत आणायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं बघ. हडपसर, मांजरी, मुंढवा, फुरसुंगी या पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या कितीतरी घरांनी जमिनी गेल्या तसे ट्रॅक्टरही देऊन टाकले. जमिनीवर आता इमारती आहेत, ती काही परत यायची नाही. ट्रॅक्टर मात्र अजून कुठंतरी चालत असेल.

पण म्हणून गावोगाव लाल ट्रॅक्टर बघत हिंडू नकोस. आपला बी-२७५. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि १९७७ मध्ये ती महिंद्रातच विलीन झाली. हे मॉडेल त्यानंतरही वर्षानुवर्षं निघत राहिलं, त्यामुळं तसले ट्रॅक्टर जिकडंतिकडं दिसतील. बॉनेट, मडगार्ड, सीट, स्टिअरिंग सगळं बदलता येतं. दादांनी बॉनेटवर लिहून घेतलेलं देवाचं नावही तीन रंगांखाली गेलं असेल. ओळख पटते ती इंजिन नंबर आणि चासी नंबरावरून. ते दोन आकडे हातात आल्याशिवाय घरातून निघू नकोस.

हे आकडे आरसी बुकात असतात. ते घरात नसेल तर आधी दसऱ्याचे जुने फोटो बाहेर काढ. खंडेनवमीला, दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालून सगळं घर पुढं उभं राहायचं, त्यात नंबरप्लेट हमखास येते. १९८९ पूर्वीच्या नंबरात एमएच-१२ नसायचं, तीन अक्षरं आणि पुढं आकडे असायचे. भिंग लावून वाच आणि वहीत लिहून ठेव, त्यावरून आरटीओत बाकीचे दोन आकडे शोधता येतील.

फोटोही नसला तरी खचू नकोस, सातबाऱ्याकडं वळ. त्या काळी रोख पैसे मोजून ट्रॅक्टर घेणारे थोडेच. भूविकास बँक नाहीतर दुसरी एखादी बँक जमीन गहाण ठेवून कर्ज द्यायची. मग त्याचा फेरफार व्हायचा आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढायचा. त्या फेरफारात बँकेचं नाव, रक्कम आणि तारीख मिळते, म्हणजे ट्रॅक्टर कोणत्या साली आला ते नक्की होतं. जुने फेरफार आता स्कॅन झालेत. 'आपले अभिलेख'वर शोध, तिथं नसला तर हवेली तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज कर. बोजा उतरल्याचा फेरफारही बघ, कारण कर्ज फिटल्यावरच बहुधा विक्री होते. भूविकास बँका सरकारनं २०१५ मध्ये गुंडाळायला घेतल्या, तेव्हा बँकेच्या दप्तरावर भिस्त ठेवू नकोस. त्यापेक्षा आजीची ट्रंक उपस. कर्ज फिटल्याचा दाखला, विम्याची पावती, सर्व्हिसचं कार्ड, यांपैकी एखाद्या कागदावर चासी नंबर असतोच.

नंबर मिळाला की संगम पुलाजवळच्या आरटीओत जा. जुनी नोंद वाहन प्रणालीत चढलेली नसेल तर 'बॅकलॉग'बद्दल विचार. तिथं एक गोष्ट नीट बघ: गाडी आज कुणाच्या नावावर आहे? कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ट्रॅक्टर चार हात फिरतो आणि नाव मूळ मालकाचंच राहतं. आपल्याकडं तसं निघालं तर हसण्यावारी नेऊ नकोस. ज्याचं नाव नोंदीत, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मालक वारला असेल तर वारसानं फॉर्म ३१ भरायचा असतो.

कागदावरचा माग तुटला की माणसं विचारायची. एजंटाकडं जाऊ नकोस, जुन्या मिस्त्रीकडं जा. त्यातही डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं. मालकाचं नाव तो विसरेल, पण कुठल्या इंजिनात काय काम केलं ते त्याच्या डोक्यात पक्कं असतं. शहराजवळचे जुने ट्रॅक्टर बहुतेक पाण्याच्या टँकरला, वीटभट्टीला नाहीतर ऊस वाहतुकीला लागले. तेव्हा दौंड, इंदापूर, श्रीगोंद्याकडच्या मिस्त्र्यांनाही फोन लाव. भंगारात गेला असेल अशी भीती वाटत असेल तर भंगारवाल्यांकडंही चौकशी कर, पण कुदळवाडीतली भंगाराची गोदामं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली गेली. तिथले धंदेवाले आता पांगलेत.

ट्रॅक्टर सापडला की पहिल्या भेटीत भावाचं बोलू नकोस. डिझेलचं फडकं आणि वायर ब्रश घेऊन जा. नंबरावर रंगाचे आणि ग्रीसचे थर असतात, ते हळूहळू काढ, पातळ कागद लाव आणि पेन्सिल आडवी घासून छाप घे. छाप वहीतल्या आकड्याशी एकेक अंक जुळवून बघ. चासी जुळली आणि इंजिन नाही जुळलं तरी तो ट्रॅक्टर आपलाच. इंजिन मध्ये बदललं असेल, ते आरसीवर चढलंय का तेवढं बघायचं.

मग इंजिन गार असताना सुरू करायला सांग. हात लावल्यावर गरम लागलं तर मालकानं आधीच चालवून ठेवलंय, उद्या सकाळी परत जा. डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी उतरलंय. ब्रीदरमधून सतत धूर येत असेल तर रिंगा, लायनर गेले. नांगर उचलून इंजिन बंद कर. तो भराभर खाली आला तर हायड्रॉलिकचं काम निघेल.

आता मालकाशी बोलणं. पुष्कळ जण सांगतील, आजोबांचा ट्रॅक्टर आहे हे कळू देऊ नकोस, भाव चढेल. मला ते पटत नाही. ज्यानं इतकी वर्षं तो चालता ठेवला, त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही. दादांचा फोटो दाखव, चहा घे, त्यानं काय काय दुरुस्त केलं ते ऐक. शिवाय त्याचं पोट त्या ट्रॅक्टरवर असेल. ऐन गाळपात मागितलास तर तो देणारच नाही, आणि देऊही नये. हंगाम संपल्यावर जा आणि त्याच्या कामाला चालेल असा दुसरा ट्रॅक्टर बघून द्यायची तयारी ठेव. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्याला नवा घ्यायचा असेल तर ते सांग.

इसार दे, पण पूर्ण रक्कम देऊ नकोस. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्यासमोर व्हायला हव्यात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

विमा काढल्याशिवाय तो रस्त्यावरून चालवत आणू नकोस, ट्रकवर चढव. सोसायटीच्या पार्किंगची परवानगी आधीच लेखी घे, नाहीतर माझ्याकडं शेडमध्ये जागा आहे. आणि ट्रॉलीची नोंद वेगळी असते, तिचा नंबरही वेगळा. आपली ट्रॉली भलत्याच कुणाकडं गेली असेल. मिस्त्रीकडं जाशील तेव्हा तिचंही विचार.