साखरेऐवजीची गोळी आणि आत्याचा प्रश्न

गेल्या वर्षी माझी आत्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आमच्या घरी राहायला आली. तिला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. तेव्हापासून ती चहात साखरेऐवजी गोड गोळी टाकते. एके दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, त्या गोळ्यांनीच कॅन्सर होतो म्हणे!" काकू गेल्या. आत्याने चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. संध्याकाळी मला जवळ बसवून ती म्हणाली, "पोरी, आपल्या घरात तूच एवढी शिकलीस. वाचून सांग, हे दुखणं मीच माझ्या हातानं ओढवून घेतलं का गं?"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला भाग होते. जे वाचले व समजले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

संशय कोठून आला?

सॅकरिन हा या गोड पदार्थांतील सर्वांत जुना. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १८७९ साली फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला तो सापडला. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, कॅनडातील प्रयोगांत उंदरांना सॅकरिन भरपूर खाऊ घातले असता त्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. त्यांच्या खाद्यात सॅकरिनचे प्रमाण तब्बल पाच टक्के होते. अमेरिकेत सॅकरिनवर बंदी येण्याची वेळ आली. अखेर बंदीऐवजी वेष्टनावर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे झाले.

पुढील संशोधनात निराळीच गोष्ट उघडकीस आली. नर उंदरांच्या मूत्राची घडणच अशी असते, की त्यात सॅकरिनमुळे बारीक खडे तयार होतात व ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात. माणसाच्या शरीरात असे घडत नाही. म्हणून २००० साली अमेरिकेत ती सूचना रद्द करण्यात आली. सूचना गेली, पण भीती मात्र तोंडोतोंडी फिरत राहिली.

'शक्यता' म्हणजे काय?

आत्याच्या गोळीत ॲस्पार्टेम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात घातले. हे वाचून मीही घाबरले. पण त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. हे गट धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत; पुरावा किती भक्कम आहे, एवढेच सांगतात. पुरावा पक्का असलेल्या पहिल्या गटात तंबाखू व सुपारी आहेत. आमच्या काकू रोज दोन वेळा मिश्री लावतात, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच वेळी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने ॲस्पार्टेमची रोजची मर्यादा पूर्वीचीच कायम ठेवली. ती शरीराच्या दर किलो वजनास ४० मिलिग्रॅम अशी आहे. आत्याचे वजन ५० किलो धरले, तर ही मर्यादा २००० मिलिग्रॅम होते. एका गोळीत साधारण २० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले, तर शंभर गोळ्या! आत्या घेत होती दिवसाला तीन.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीत (२०२२) असे पदार्थ अधिक घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी जास्त दिसले. परंतु अशा पाहणीतून दोन गोष्टी बरोबर आढळतात एवढेच कळते. एकीमुळे दुसरी घडली, हे सिद्ध होत नाही.

आजारी माणसाचा प्रश्न वेगळा

वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. 'गोळीने कर्करोग होतो का?' हा एक प्रश्न, आणि 'कर्करोग झालेल्याने गोळी घ्यावी का?' हा दुसरा. आपण दोन्हींची गल्लत करतो.

येथे सुक्रालोजची हकीकत सांगते. १९७६ साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस हे संशोधन करीत होते. प्राध्यापकांनी एक पदार्थ तपासायला सांगितला आणि त्यांनी तो चाखून पाहिला, असे सांगितले जाते. मराठीत आपण दोन्ही इंग्रजी शब्द 'टेस्ट' असेच लिहितो! त्या चुकीतून साखरेपेक्षा सुमारे सहाशे पट गोड पदार्थ जगाला मिळाला. २०२५ मध्ये मात्र पिट्सबर्ग येथील संशोधकांना असे आढळले, की इम्युनोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांत, जे सुक्रालोज जास्त घेत होते त्यांना उपचाराचा गुण कमी आला. हा शेवटचा शब्द नव्हे. पण असे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे, एवढे कारण त्यात नक्कीच आहे.

बिनसाखरेच्या मिठाईत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असे पदार्थ असतात. ते जास्त खाल्ल्यास जुलाब होतात. केमोथेरपीने आधीच पोट बिघडलेल्या माणसाला हा त्रास परवडणारा नाही.

सर्वांत घातक समजूत निराळीच आहे. 'साखर बंद केली की गाठ उपाशी मरते,' असे ऐकून आत्याने फळे व भातही कमी केला होता. वास्तविक शरीरातील प्रत्येक पेशीला ग्लुकोज लागते. ते अन्नातून मिळाले नाही तर शरीर स्नायू झिजवून तयार करते. गाठ उपाशी राहत नाही. माणूस मात्र खंगतो.

मी आत्याला म्हटले, "गोळीमुळे तुला हे झालं, असं म्हणायला आधार नाही. तू काही ओढवून घेतलं नाहीस." पुढच्या खेपेस आम्ही गोळ्यांची डबी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी गोळी चालेल म्हटले, पण घटलेले वजन पाहून आत्याला चांगलेच रागावले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाचणारे आपणच पहिले आहोत. घरची माणसे आपल्या शब्दावर चहाचा कप खाली ठेवतात किंवा उचलतात. म्हणून अर्धे वाचून सांगू नये. आत्या आता पोटभर जेवते, आणि चहात एक गोळी टाकते.